उभ्यातला तार

मे महिन्यात या खोलीत कूलरच जास्त बोलतो.
वाळ्यावरून पाणी टपकत राहतं
आणि पुरुष गप्प बसतात.
मांडीवर फाईल, फाईलवर हात, हातांवर नजर.
पीएसएचा आकडा त्यांना दशांशासकट पाठ असतो.
बहिणीला काय झालं होतं विचारलं
की छताकडे बघतात.

डोमाजी हेडाऊ. एकोणसत्तर. तांडापेठ.
प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला.
मी कागदावर चौकोन काढला, काळा केला:
हे तुम्ही, काका.
भाऊ?
"एक होता. लघवीच्या त्रासानं गेला, पंचावन्नाचा."
तपासलं होतं?
"तवा कोन तपासत होतं, बाई."
दुसरा चौकोन. त्यात प्रश्नचिन्ह.
बहीण?
कूलरचा पंप दोनदा गुरगुरला.
"शेवंता. पवनीले देल्ली होती.
छातीत गाठ. चाळीसची बी नव्हती झाली.
पन थो तं बायकांचा आजार."

गोल. काळा. त्यावर तिरकी रेघ.
काळा गोल आणि काळा चौकोन
एकाच आडव्या दांडीला लटकत होते.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला,
"मले दोन पोरी. पोरगा नाई.
म्हंजे हे माह्यापाशीच सरलं."
आणि हसला,
शेवटची बस सापडल्यासारखा.

माझं भाषण तयार असतं:
काही बदल आईबापाकडूनच येतात,
मुलाला येतात तसेच मुलीलाही,
तिथे ते स्तनात उगवतात, बीजकोशात उगवतात,
बापाच्या आजाराचं नाव तिथे चालत नाही.
मी "जनुक" म्हटलं
आणि त्यानं हात वर केला.
बोटांच्या पेरांवर अजून सुताचे घट्टे.

"थांबा. मी लुगडे विनले चाळीस वर्षं.
आडव्यात चूक झाली तं तिथंच रायते,
दोन बोटं उकललं, पुन्हा विनलं.
पन उभ्यातला तार कच्चा असंन
तं थो पदरापासून पदरापर्यंत जाते.
मंग त्याच ताण्यावर दुसरं लुगडं धरलं
तं त्यातबी थोच."
थोडा थांबला.
"माहा तार उभ्यातला हाय का, हेच पायनार ना तुमी?"

हो, काका. एवढंच.
(त्या दिवसापासून माझं भाषण मी वापरत नाही.)

मग हिशेब. "अर्धं-अर्धं म्हनता,
पोरी दोन. म्हंजे एकीले."
नाही. प्रत्येकीचं नाणं वेगळं.
दोघींना असेल, दोघींना नसेल, एकीला असेल.
हे त्याला आवडलं नाही.
विणकराला मोजून न येणारं सूत आवडत नाही.
निघालं तर तुमच्यासाठी वेगळी गोळीही असू शकते, मी म्हटलं.
किंमत विचारली. ऐकली. विषय बदलला.
रक्त दिलं मात्र, डाव्या हातातून,
उजवा कामाचा म्हणून.

जुलैत रिपोर्ट आला. उभ्यातलाच.
मला वाटलं रडेल.
त्यानं चष्मा पुसला, विचारलं,
"फोन तुमी करता का मी?"
तुम्ही, काका. कायदाही तेच सांगतो, मनही.
बाहेरच्या बाकावर बसून त्यानं उमरेडला फोन लावला.
जेवलीस का, गॅसची टाकी आली का,
जावयाची बदली,
सावजीत मसाला जास्त झाला होता परवाचा,
आणि मग आवाज इतका खाली गेला
की मी दार लोटून घेतलं.

आता तपासणीच्या दिवशी तो तासभर आधी येतो.
बाकावरच्या माणसांना विचारतो,
"बयनी किती? मावश्या?"
एक म्हातारा चिडून म्हणाला, बायकांचं काय काढता इथं.
डोमाजीनं खिशातून चिंधी काढली, उन्हात धरली,
आतली विरळ रेघ दाखवली.
"तुटका तार सांधता येते, भाऊ.
पन आंधी दिसला पायजे."
तेवढ्यात नंबर लागला. चिंधी म्हाताऱ्याच्याच हातात राहिली.

थोरलीचं नाणं पडलं: नाही.
धाकटीनं अजून रक्त दिलेलं नाही.
विचार करते म्हणाली, मग फोन उचलेनाशी झाली.
तो तिच्यावर रागावत नाही,
दर वेळी फक्त विचारतो, कागद हाय ना?

आहे. ड्रॉवरमध्ये.
तिचा गोल मी पेन्सिलीनं काढलाय,
हलक्या हातानं.